सतरा तारीख कुणी खाल्ली?

१

तारीखबाबा त्यांच्या शंभराव्या वाढदिवशी सकाळी मेलेले सापडले. त्यावर वृद्धाश्रमाच्या संचालकांनी पहिली गोष्ट काय केली, तर त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलेल्या बाईला स्टोअररूममध्ये कोंडलं आणि बाहेरून कडी घातली. दुसरी गोष्ट, हॉलमधले फुगे काढून पांढरी फुलं लावायला सांगितली. म्हाताऱ्याच्या अंगावर नीट चादर घालणं वगैरे नंतर.

बाबांची पुतणी सकाळी हातात भेटवस्तू घेऊन आली तेव्हा फुगे अर्धे उतरले होते. ती पोलिसातून निवृत्त झालेली बाई. काका तिला ती फ्रॉकात होती तेव्हापासून 'फौजदार' म्हणायचे, कारण घरातला डबा कुणी रिकामा केला हे ती तोंडावरच्या चुऱ्यावरून ओळखायची. पुढे ती खरंच पोलिसात गेली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आश्रमात सगळे तिला फौजदारबाई म्हणत.

"फार वाईट झालं," संचालक दारातच म्हणाले. उंची कोट, छातीवर फूल. "पण बघा ना, काय भाग्य! शंभरी गाठून गेले. आणि गेले नसतेही, पण त्या बाईनं आडवं झोपवूनच चहा पाजला. ठसका लागला. इन्स्पेक्टर आलेत, ते बघतील तिचं."

"कुणी पाहिलं पाजताना?"

"पाहायला कशाला हवं? आत तीच गेली होती. आणि काल संध्याकाळपर्यंत बाबा ठणठणीत होते. मी स्वतः फोटो काढलाय. या, दाखवतो."

हॉलमधल्या भल्यामोठ्या टीव्हीवर तो फोटो लावला होता. बाबा खुर्चीत बसलेले. अंगावर त्यांच्या मापाचा नसलेला मखमली कोट, डोक्यावर सोनेरी कागदाचा मुकुट. खोलीत दिवा लागलेला, खिडकीबाहेर काळोख. मागच्या भिंतीवर रोज एक पान काढायची ती जाडजूड दिनदर्शिका, आणि तिच्यावर ठळक आकडा: सतरा.

"आज अठरा," संचालक म्हणाले. "म्हणजे कालचाच फोटो. आणखी काय पुरावा हवा?"

फौजदारबाईंनी फोटोकडे पाहिलं. काकांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. आयुष्यभर तारखांशी खेळलेला माणूस, आणि त्याला विदूषक करून बसवलं होतं.

"मला खोली बघायचीये," त्या म्हणाल्या.

२

खोली दुसऱ्या मजल्यावर. दार उघडताच फौजदारबाईंच्या अंगावर काटा आला, आणि तो दुःखाचा नव्हता. थंडीचा होता. एसी बंद होता, तरी भिंतीसुद्धा गार पडल्या होत्या.

काकांना एसीचं वावडं होतं. "मला मेल्यावर ठेवा बर्फात, आता नको," असं ते म्हणत. एसीचा रिमोट ते मुद्दाम कपाटाच्या वरच्या कप्प्यात, स्वतःचा हात पोचणार नाही असा ठेवून घेत. आता तो खिडकीत पडला होता.

फौजदारबाई पलंगाशी बसल्या. काकांचा हात हातात घेतला. मग उठल्या आणि डोळे पुसून कामाला लागल्या, कारण रडायला पुढे आयुष्य होतं आणि खाली एक बाई कोंडलेली होती.

भिंतीवर दिनदर्शिकाच दिनदर्शिका. काकांनी उभा जन्म त्या तयार करण्यात घालवला होता. सूर्यावर चालणाऱ्या, चंद्रावर चालणाऱ्या, दोघांचं भांडण मिटवायला मध्येच एक महिना जास्तीचा घालणाऱ्या. कुणाचं वर्ष वसंतात सुरू होई, कुणाचं कडाक्याच्या थंडीत. "माणसं पृथ्वी एकच वापरतात," काका म्हणत, "पण दिवस कुठून मोजायचा यावर आजवर एकमत नाही. आणि ते बरंच आहे. एकाचं वर्ष संपून गेलं तरी दुसऱ्याचं शिल्लक असतं."

मधोमध ती रोज पान काढायची दिनदर्शिका. वर अठरा. फौजदारबाईंनी चष्मा चढवला. वरच्या चिमट्याखाली आधीच्या पानांच्या कडा राहिल्या होत्या. सगळ्या एका रेषेत, कात्रीनं कापलेल्या. शेवटची तेवढी वेगळी. तिचा एक कोपरा चिमट्यातच लोंबत होता.

सोळापर्यंतची पानं कापलेली होती. सतरा ओरबाडलेली होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बाई, आता पुरे. डॉक्टरांनी कागद केलेत. कार्यक्रमाला मंत्री येतायत."

दारात संचालक उभे होते, आणि त्यांचं लक्ष फौजदारबाईंकडे नव्हतं. ते खिडकीतल्या रिमोटकडे बघत होते.

३

स्टोअररूममध्ये बादल्या, चादरींचे गठ्ठे आणि त्यात बसलेली ती सेविका. तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून तिप्पट वयाचेसुद्धा. इन्स्पेक्टर हा तरुण, भला पण घाईतला माणूस होता. फौजदारबाईंनी त्याला एवढंच म्हटलं, "आधी ऐकून घे, मग लिही." तो बाजूला उभा राहिला.

"मी चहा पाजलाच नाही," ताई म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता. "हाक मारली, हात लावला, तर गार. दगडासारखे गार. मी ओरडले. साहेब आले, आणि मला म्हणाले, काय केलंस तू? अहो, मी काय केलं? मी तर कप टेबलावरही ठेवला नव्हता!"

"काल कसे होते?"

"काल मला सुट्टी होती."

"मागितली होतीस?"

ताई कडवट हसली. "मागून कधी मिळालीये? माझी आई आजारी होती तेव्हा नाक घासलं तरी अर्धा दिवस दिला नाही. आणि काल भल्या पहाटे साहेबांचा स्वतःहून फोन. म्हणे, उद्या मोठा दिवस आहे, आज आराम कर. मला वाटलं, देव पावला."

"परवा तू होतीस. शेवटचं काय बोलणं झालं?"

"रोजचंच. संध्याकाळी दिवे लागले की बाबा कात्री मागायचे. मी दिली, त्यांनी पान कापलं, खिशात ठेवलं. दिवस संपला की लगेच टाकू नये, झोपेपर्यंत सोबत ठेवावा, असं म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्ट बदलताना मीच ते काढायचे. मग मी घरी निघाले. तेव्हा साहेब तो मखमली कोट घेऊन जिन्यानं वर येत होते." ती थांबली. "बाबांना नव्हता घालायचा तो. मला म्हणाले होते, मला सर्कशीत नाही जायचं."

इन्स्पेक्टरनं वहीतून मान वर केली. "म्हणजे पान संध्याकाळी काढायचे? सकाळी नाही?"

"त्यांची रीतच तशी," ताई म्हणाली.

फौजदारबाईंना ती रीत माहीत होती. काल संध्याकाळी दिवेलागणीला त्यांनी काकांना फोन केला होता, दर वर्षी करत तसा. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळीच. कारण काकांच्या आईच्या माणसांत नवा दिवस सूर्य मावळताच सुरू होई, आणि काकांनी ती एक रीत जन्मभर सोडली नव्हती. काल फोन संचालकांनी घेतला होता. "झोपलेत," म्हणाले होते. "उद्यासाठी विश्रांती घेतायत."

बाहेर येऊन त्यांनी स्टोअररूमची कडी स्वतःच्या हातानं काढून टाकली. लावू नये म्हणून नाही. परत लावताच येऊ नये म्हणून, स्क्रूसकट.

४

बाबांच्या शेजारच्या खोलीत एक शिंपीआजोबा राहत. दोघांचं जन्माचं वैर. कारण बाबांचा रेडिओ.

"हो, भांडलोय मी," आजोबा आधीच म्हणाले. "मीच मारलं असं म्हणायचंय का? म्हणा. पहाटेपासून केकाटायचा तो डबा. भिंतीवर काठी आपटून आपटून पोपडे पडलेत, ते बघा."

"काल पण आपटली काठी?"

आजोबांनी हातातली काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"काल..." ते हळूच म्हणाले, "काल लागलाच नाही रेडिओ. सकाळी नाही, दुपारी नाही. मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला उपरती झाली. मजेत झोपलो दिवसभर." त्यांनी पोपडे पडलेल्या भिंतीवर हात ठेवला. "अहो, मी खूश होतो काल. तो पलीकडे... आणि मी खूश होतो."

"तुम्ही भेटायला गेला नाहीत?"

"कुणालाच सोडलं नाही. दाराबाहेर साहेबांनी स्वतः खुर्ची टाकली होती. ज्या माणसाला वर्षभरात आमच्या मजल्याचा जिना माहीत नव्हता, तो दिवसभर दारात! आम्हाला वाटलं, काय हो ही माया." आजोबांचा आवाज चढला. "आणि कसली शंभरी घेऊन बसलेत? तो मला तीन वर्षांपूर्वीच म्हणाला होता, की आईच्या चंद्राच्या हिशोबानं आज माझे शंभर भरले, चंद्राचं वर्ष आखूड असतं. आम्ही दोघांनीच साजरी केली. भांडण त्या दिवसापुरतं बंद ठेवून. यांना कुणी सांगितलं नाही, कारण यांनी कधी विचारलं नाही."

५

डॉक्टर संचालकांचे मेहुणे होते, हे आश्रमात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच मोठ्यानं म्हणत नव्हतं. ते ऑफिसात बसून मंत्र्यांसाठी आणलेली बिस्किटं खात होते.

"तपासलंत?" फौजदारबाईंनी विचारलं.

"तपासायचं काय? शंभर वर्षांचा माणूस. निमित्त लागतं फक्त."

"निमित्त म्हणून एक बाई कोंडली होती तुम्ही लोकांनी. अंग किती गार होतं? किती ताठ होतं?"

"हे बघा, मी नातेवाईकांना त्रास होईल असं काही..."

"मला त्रास होतोय तो तुम्ही न सांगितल्याचा. मी तीस वर्षं मेलेली माणसं पाहिलीत, डॉक्टर. आत्ता चहा पिताना गेलेला माणूस कसा असतो आणि वर निजलेला माझा काका कसा आहे, हे मला कळतं. तुम्हालाही कळतं. फरक एवढाच, मला ते लपवायचं नाहीये."

डॉक्टरांच्या हातातलं बिस्कीट तुटून मांडीवर पडलं. ते काही बोलणार, तोच संचालक आत शिरले. पाठोपाठ इन्स्पेक्टर.

"बाई, तुम्ही आता हद्द करताय!" संचालक कडाडले. "काल संध्याकाळचा फोटो साऱ्या हॉलनं पाहिलाय. त्यावर तारीख आहे. संध्याकाळी जिवंत, सकाळी मेलेले. मधल्या वेळात जे झालं ते झालं, पण ही कसली वळणं देताय तुम्ही?"

"चला," फौजदारबाई म्हणाल्या. "तुमच्या फोटोसमोरच बोलू."

६

हॉल भरत आला होता. पहिल्या रांगेत पाहुणे, मागे पत्रकार. टीव्ही आता मंचाच्या पडद्याआड सरकवला होता; तिथे संचालक, इन्स्पेक्टर आणि डॉक्टर जमल्यावर फौजदारबाईंनी फोटोकडे बोट केलं.

"काढल्याची वेळ दाखवणारा मूळ फोटो कुठेय?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"फोनमध्ये जागा नव्हती. उडवला," संचालक म्हणाले.

"हरकत नाही. फोटोत आहे तेवढी तारीख पुरे," फौजदारबाई म्हणाल्या. "खिडकीबाहेर अंधार आहे ना? म्हणजे सूर्य मावळलाय. आता ऐका. तुमचा दिवस मध्यरात्री बदलतो. माझ्या काकांचा मावळतीला बदलायचा. दिवे लागले की ते त्या दिवसाचं पान कापत. म्हणजे सतरा तारखेची संध्याकाळ झाली की त्यांच्या भिंतीवर अठरा दिसायला हवी. तुमच्या फोटोत अंधार आहे आणि भिंतीवर सतरा आहे. काकांच्या भिंतीवर अंधारात सतरा कधी दिसेल?"

इन्स्पेक्टर पुटपुटला, "सोळाचं पान कापल्यावर. सोळाच्या संध्याकाळी."

"परवा."

संचालक हसले. जरा जास्तच. "वा! आणि काल त्यांना कात्री कोण देणार होतं? ती बाई सुट्टीवर होती! पान कापायचं राहिलं असेल. म्हणून सतरा तसंच राहिलं."

क्षणभर इन्स्पेक्टरचाही चेहरा पडला. मुद्दा बिनतोड होता.

"हे तुम्ही म्हणाल याची मी वाटच बघत होते," फौजदारबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे कात्रीची गोष्ट तुम्हाला माहीत होती. मग सतरा तारखेचं पान आज सकाळी हातानं ओरबाडलं कुणी? ते राहू दे. त्यांच्या शर्टाचा खिसा मोठा करून दाखवा."

इन्स्पेक्टरनं टीव्हीचा रिमोट घेतला. कोटाची कड, तिच्याखाली जुना पांढरा शर्ट, शर्टाच्या खिशातून डोकावणारा कागदाचा तुकडा. आणखी मोठं केल्यावर आकडा स्पष्ट दिसला. सोळा.

"संपलेला दिवस ते फक्त झोपेपर्यंत खिशात ठेवायचे," फौजदारबाई म्हणाल्या. "दुसऱ्या सकाळी शर्ट बदलला की तो तुकडाही जाई. भिंतीवर सतरा, खिशात सोळा. हा फोटो परवा दिवेलागणीनंतरचा आहे. त्यानंतर काकांना जिवंत पाहिलेला एक माणूस मला दाखवा. रेडिओ लागला नाही. दारात तुम्ही बसलात. पोरीला न मागता सुट्टी दिलीत. खोलीचं शीतगृह केलंत. आणि आज तिच्या हातात चहाचा कप देऊन तिला मेलेल्या माणसाकडे पाठवलंत, तिच्या गळ्यात मरण बांधायला!"

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले.

"मला परवा रात्री फोन आला होता," ते म्हणाले.

"गप्प बस!" संचालक ओरडले.

"आता काय गप्प? बराच वेळ बसवलं होतं त्यांना. आणखी एक फोटो, आणखी एक फोटो. छातीत दुखतंय म्हणाले. मला फोन केला, मी म्हटलं गोळी द्या, सकाळी येतो." त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "सकाळी आलो तर गेलेले होते. हा म्हणाला, एक दिवस थांब. फक्त एक दिवस."

७

संचालकांचा आवाज आता गयावया करत होता, पण त्यातही एक आश्चर्य होतं, आपल्याला कुणी समजून कसं घेत नाही याचं.

"मी मारलं नाही हो त्यांना! आणि एका दिवसानं काय फरक पडला? मेलेला माणूस मेलेलाच राहणार. नव्व्याण्णव म्हटलं असतं तर कोण आलं असतं? शंभर म्हटल्यावर बघा, मंत्री आलेत. आश्रमाचं नाव झालं असतं. त्यांचंही झालं असतं!"

"आणि ताईचं?" फौजदारबाईंनी विचारलं.

"कोण? ती? तिला सोडवलं असतं की नंतर."

फौजदारबाईंनी आयुष्यात फार चोर पाहिले होते, खुनीही पाहिले होते. हात उचलावासा इतका क्वचितच वाटला होता. त्या एक पाऊल मागे सरकल्या, मुद्दाम.

"एका दिवसानं काय फरक पडला ते सांगते," त्या म्हणाल्या. "एक आख्खा दिवस माझा काका मेलेला होता आणि त्याच्यासाठी कुणी रडलं नाही, कारण तुम्ही रडू दिलं नाही. शेजारी खूश होता. मी फोन ठेवून निवांत जेवले. त्याच्या मरणाचा दिवससुद्धा तुम्ही त्याला दिला नाहीत. माणसाला जन्माची तारीख कुणी विचारून देत नाही. निदान जायची तरी त्याची त्याला असू द्यायची!"

इन्स्पेक्टरनं संचालकांच्या दंडाला धरलं. मागच्या दाराकडे नेताना संचालक म्हणाले, "पुढच्या दारानं नको. पत्रकार आहेत." इन्स्पेक्टर वळला आणि त्यांना पुढच्या दारानं घेऊन गेला.

हॉलमध्ये एकच कुजबुज उठली. मंत्र्यांच्या माणसानं पडद्याआड डोकं घातलं. "कार्यक्रम आहे की नाही? साहेबांना पुढे जायचंय. श्रद्धांजलीचे दोन शब्द तरी कुणीतरी..."

फौजदारबाईंनी मागे पाहिलं. ताई उभी होती. पदरानं चेहरा पुसलेला, केसांना स्टोअररूमची धूळ.

"तू बोलतेस?"

"मी? मला काय बोलता येतंय?"

"तू त्यांना रोज भेटायचीस. या हॉलमध्ये तेवढं एकालाही म्हणता येणार नाही."

ताई माईकसमोर गेली. माईक तिच्या उंचीला नव्हता, तो तिनं दांड्यासकट खाली ओढला. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलले आणि मग तसेच ठेवले.

"बाबा काल गेले," ती म्हणाली. "आज नाही. काल. सतरा तारखेला. हे सगळ्यांनी लिहून घ्या." पत्रकारांच्या पेनांचा आवाज होईपर्यंत ती थांबली. "ते गेले तेव्हा त्यांच्याजवळ कुणी नव्हतं. कारण परवापासून सगळ्या सेविकांना ही सजावट, या खुर्च्या आणि तुमचा नाश्ता यालाच लावलं होतं. वर अजून माणसं आहेत. काहींना स्वतःहून उठता येत नाही. त्यांच्यातल्या एकालाही सकाळपासून कुणी विचारलेलं नाही. पाणीसुद्धा नाही."

तिनं पहिल्या रांगेसमोरच्या टेबलाकडे पाहिलं. पाहुण्यांसाठी मांडलेल्या पाण्याच्या बाटल्या तशाच भरलेल्या होत्या. ती खाली उतरली, मंत्र्यांच्या हातापुढचीसुद्धा उचलली, मावतील तेवढ्या दोन्ही हातांत घेतल्या.

"मला बोलायचं होतं ते झालं," ती कुणाकडेही न बघता म्हणाली. "आता मी वर चाललेय. ज्यांना बाबांसाठी खरंच काही करायचंय, त्यांनी बाकीच्या बाटल्या घेऊन या."

जिन्यावर तिच्या पायांचा आवाज येत राहिला. मग फौजदारबाईंनी पर्स खांद्याला अडकवली, टेबलाशी गेल्या आणि उरलेल्या बाटल्या गोळा करायला लागल्या. मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एक.